वजू पुन्हा, कलमा पुन्हा, आणि तरीही धास्ती

(दापोली तालुक्यातील खाडीकाठच्या एका गावातून एका तेवीस वर्षांच्या वाचक भगिनीने लिहिलेल्या दीर्घ पत्राचा आशय असा : “दीड वर्षापासून नमाजेला उभी राहिले की अल्लाह आणि पैगंबरांविषयी उच्चारताही येणार नाहीत असे घाणेरडे विचार मनात येतात. ‘हे सारे खरे आहे का’ अशी शंका एकसारखी टोचत राहते. मग माझे ईमान (श्रद्धा) गेले असे वाटून मी पुन्हा कलमा (इस्लामवरील श्रद्धेचा उच्चार) पढते. दिवसातून कितीदा, याची मोजदाद नाही. वजूला (नमाजेआधी हात-तोंड-पाय धुण्याला) पाऊण तास आणि पाळीनंतरच्या गुस्लला (शुद्धीच्या स्नानाला) दोन तास लागतात. उन्हाळ्यात विहिरीला तळ दिसू लागला की माझ्यामुळे घरात भांडणे होतात. आई न्हाणीच्या दाराशी उभी राहून ‘झाला तुझा वजू’ असे म्हणाली तरच मी बाहेर येते. जिनाचा असर आहे म्हणून मला एका आमिलाकडे (ताविज-मंतर करणाऱ्याकडे) नेले, त्याने ताविज दिला, परंतु फरक पडला नाही. रात्र रात्र मोबाइलवर फतवे वाचते. वडील कुवेतला आहेत, त्यांना यातले काही ठाऊक नाही. ईमान पुरते जाण्याआधी मरण आले तर बरे, असेही वाटते. निकाहची बोलणी चालू आहेत. माझे ईमान गेले आहे का? औषध घेणे म्हणजे तवक्कुल (अल्लाहवरचा भरवसा) सोडणे होईल का? आणि मुलाकडच्यांना हे सांगावे का?”)

प्रिय भगिनी,

अस्सलामु अलैकुम. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रथम देते आणि ते एकदाच देणार आहे. तुमचे ईमान गेलेले नाही. हे वाक्य मी या पत्रोत्तरात पुन्हा लिहिणार नाही आणि तुम्हीही ते पुन्हा पुन्हा वाचू नये, अशी माझी विनंती आहे. त्यामागचे कारण पुढे येईल.

त्याहून आधी तुमच्या पत्रातील मरणाविषयीच्या वाक्याबद्दल बोलणे आवश्यक आहे. त्या वाक्यात अल्लाहविषयीचे प्रेम आणि त्याला गमावण्याची भीती दिसते हे खरे, तरीही ते वाक्य मी सहजपणे ओलांडून जाऊ शकत नाही. तो विचार केवळ येऊन जातो की त्यासोबत काही करण्याची इच्छा किंवा योजनाही मनात असते, हे आजच आईला स्पष्ट शब्दांत सांगा. इच्छा प्रबळ होत असेल, तर दिवस असो वा रात्र, ‘टेली मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो निःशुल्क आहे, चोवीस तास चालू असतो आणि तेथे मराठीतून बोलता येते. जिवाला तातडीचा धोका वाटला तर ११२ वर फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात जा. मदत मागण्यास ही वेळ योग्य आहे का, याची खात्री करत बसू नका.

आता मुख्य विषयाकडे वळते. तुम्ही जे वर्णन केले आहे ते वाचल्यावर कोणत्याही मानसोपचारतज्ज्ञाच्या मनात प्रथम ‘ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर’, म्हणजे ओसीडी किंवा मराठीत ज्याला मंत्रचळ म्हणतात, त्याचाच विचार येईल. अंतिम निदान प्रत्यक्ष तपासणीनंतरच होते, म्हणून मी येथून ते करत नाही. परंतु नको असलेला, भयंकर वाटणारा विचार मनात घुसणे, त्यामुळे जीव कासावीस होणे, ती कासाविशी शमवण्यासाठी एखादी कृती पुन्हा पुन्हा करणे आणि घटकाभराच्या दिलाशानंतर तोच विचार पुन्हा येणे, हे या विकाराचे चक्र तुमच्या पत्राच्या जवळजवळ प्रत्येक परिच्छेदात आहे. जगभरातील पाहण्यांनुसार शंभरातील साधारण एक ते तीन जणांना हा विकार आयुष्यात कधी ना कधी होतो आणि बहुतेकांत तो किशोरवयात किंवा विशीत सुरू होतो.

हा विकार माणसाच्या मनात सर्वांत पवित्र किंवा सर्वांत प्रिय असलेली जागा धरतो. नुकत्याच बाळंत झालेल्या आईला आपल्या हातून तान्ह्या बाळाला इजा होईल असे विचार येतात. आपल्याच शेजारपाजारच्या हिंदू घरांतून सोवळ्या-ओवळ्याने आयुष्य पोखरले गेलेल्या स्त्रिया मागील पिढ्यांनी पाहिल्या आहेत. कॅथलिक पंथात पापाची कबुली पुन्हा पुन्हा देणाऱ्यांविषयी धर्मगुरूंनी शतकानुशतके लिहून ठेवले आहे. तुमच्या मनात दीन (धर्म) सर्वांत प्रिय आहे, म्हणून विकाराने तेथे घर केले. ज्याला नमाजेची पर्वा नाही, त्याला नमाजेत आलेल्या वाईट विचाराने रात्रभर जागावे लागत नाही.

असे विचार निरोगी माणसांनाही येतात, हेही समजून घ्यावे. स्टॅन्ली रॅकमन आणि पद्मल डी सिल्व्हा यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की ज्यांना कोणताही मानसिक आजार नाही अशांपैकी बहुसंख्य लोकांना हिंसेचे, निंदेचे, लाज वाटावी असे विचार अधूनमधून येतात आणि त्यांचा आशय रुग्णांच्या विचारांहून फारसा वेगळा नसतो. निरोगी माणूस तो विचार सोडून देतो. ओसीडी असलेला माणूस मात्र तो गंभीरपणे घेतो, त्याचा अर्थ लावतो, आपल्या अंतःकरणाचा तो पुरावा मानतो आणि त्याच्याशी झगडू लागतो. झगड्यामुळे विचार अधिक पक्का होतो.

आपल्या दीनला हा त्रास अनोळखी आहे, असे समजू नका. सहीह मुस्लिम या संग्रहातील हदीस (पैगंबरांच्या वचन-कृतींची नोंद) आहे, की काही सहाबी (पैगंबरांचे सोबती) पैगंबरांकडे (सल्लल्लाहु अलैहि व सल्लम) आले आणि म्हणाले, की जे बोलून दाखवणेही आम्हाला फार भारी वाटते असे काही आमच्या मनात येते. पैगंबरांनी विचारले, की तुम्हाला खरेच तसे वाटते का. आणि त्यांनी हो म्हटल्यावर पैगंबर म्हणाले, की हेच तर स्पष्ट ईमान आहे. ज्यांनी पैगंबरांना डोळ्यांनी पाहिले, त्यांच्यामागे उभे राहून नमाज अदा केली, त्यांच्याही मनात असे विचार येत होते. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत असेही आले आहे, की या उम्मतच्या (मुस्लिम समुदायाच्या) मनात जे वसवसे (घुसून येणाऱ्या शंका-कुशंका) येतात त्यांवर, ती व्यक्ती ते बोलत नाही किंवा त्यांप्रमाणे वागत नाही तोपर्यंत, अल्लाहने माफी दिली आहे. तुम्ही ते विचार बोललेला नाहीत, त्यांप्रमाणे वागलेला नाहीत. उलट त्यांच्यापासून पळण्यातच तुमचा दिवस जातो.

तुमच्या पत्रात एक नाजूक प्रश्न दडलेला आहे : ‘ही शंका आजाराची असेल, तर खरी शंका कोणती? माझ्या मनात खरोखरच प्रश्न असतील तर?’ या प्रश्नाचा मला आदर वाटतो. धर्माविषयी प्रामाणिक प्रश्न पडणे हा आजार नव्हे. मेलेल्यांना तू कसे जिवंत करतोस ते मला दाखव, असे हजरत इब्राहिम यांनी अल्लाहला विचारले आणि मनाचे समाधान व्हावे म्हणून विचारतो असेही सांगितले. हे कुराणाच्या दुसऱ्या सूरेतच आहे. इमाम गजाली यांनी आपल्या आत्मवृत्तात लिहिले आहे, की जवळजवळ दोन महिने त्यांचा कोणत्याही ज्ञानावर विश्वास उरला नव्हता. प्रामाणिक प्रश्न उद्यापर्यंत थांबू शकतो, वाचनाने आणि चर्चेने तो बदलतो, वाढतो, कधी सुटतो आणि कधी माणूस त्याच्यासह शांतपणे जगतो. ओसीडीच्या शंकेला मात्र याच क्षणी, वजू अर्धा असतानाच उत्तर हवे असते. उत्तर मिळाले तरी ती पाच मिनिटे गप्प बसते आणि नंतर त्याच शब्दांत परत येते. तुमची शंका दीड वर्षात एक पाऊलही पुढे सरकलेली नाही, हे तुम्हीच लिहिले आहे. बऱ्या झाल्यावर तुम्हाला अकिद्याविषयी (धर्मश्रद्धेविषयी) किंवा इतिहासाविषयी खरेखुरे प्रश्न पडले, तर ते अवश्य विचारा आणि अभ्यास करा. सध्या मात्र त्या दोहोंत निवाडा करण्याचाही प्रयत्न करू नका, कारण ‘ही शंका खरी की आजाराची’ हे शंभर टक्के ठरवण्याचा हट्ट हाही याच विकाराचा भाग असतो.

हाच या विकाराचा गाभा आहे. त्याला संपूर्ण, निःशंक खात्री हवी असते आणि तशी खात्री माणसाला कशाचीच मिळत नाही. अल्लाहने ती आपल्याकडून मागितलेलीही नाही. बुखारी आणि मुस्लिममध्ये आलेली दुसरी एक हदीस पाहा. शैतान माणसाकडे येऊन विचारतो, की हे कोणी निर्माण केले, ते कोणी निर्माण केले, आणि शेवटी विचारतो, की तुझ्या रब्बला कोणी निर्माण केले. तेथवर गोष्ट आली की अल्लाहचा आश्रय मागावा आणि थांबावे, अशी आज्ञा आहे. त्या शंकेचे खंडन करा, पुरावे शोधा, शंभर वेळा कलमा पढा, असे तेथे सांगितलेले नाही. आपल्याकडे ‘अऊजु बिल्लाह’ म्हणणे सर्वांना शिकवले जाते, थांबणे मात्र फारसे कोणी शिकवत नाही. परिणामी आश्रय मागण्याचे शब्दच विकाराच्या हाती जातात. तुम्ही लिहिले आहे, की सूरह अन-नास एकदा चुकली तर पुन्हा सुरुवातीपासून पढता आणि असे करता करता फजरची (पहाटेच्या नमाजेची) वेळ निघून जाते. एकदा आश्रय मागा आणि हातात जे काम आहे ते पुढे चालू ठेवा, विचार मनात तसाच राहिला तरीही. खाजवल्याने खरूज बरी होत नाही, तसे उत्तर देण्याने ही शंका शमत नाही.

वजू आणि पाकीविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण कोकणातील आपण बहुतेक मुसलमान शाफई फिकह (इमाम शाफई यांच्या परंपरेचे धर्मनियमशास्त्र) मानतो आणि शाफई फिकहमध्ये पाकीचे, नियतेचे मसले काटेकोर आहेत, एवढेच अर्धवट ऐकून अनेक जण घाबरतात. त्याच फिकहने किती सवलत दिली आहे, ते फारसे सांगितले जात नाही.

शाफई फिकहनुसार वजूचे फर्ज (अनिवार्य भाग) सहा आहेत : नियत, चेहरा धुणे, कोपरांसह हात धुणे, डोक्याच्या काही भागावरून ओला हात फिरवणे, घोट्यांसह पाय धुणे आणि हा क्रम पाळणे. प्रत्येक अवयव एकदा नीट धुतला तरी फर्ज पूर्ण होतो. तीनदा धुणे सुन्नत (पैगंबरांची रीत) आहे. त्यापुढे जाण्याविषयी अबू दाऊद, नसाई आणि इब्न माजा यांच्या संग्रहांत हदीस आहे, की वजू कसा करावा असे विचारायला आलेल्या एका अरबाला पैगंबरांनी प्रत्येक अवयव तीनदा धुऊन दाखवला आणि जो यात वाढ करतो तो चुकतो आणि मर्यादा ओलांडतो, असे सांगितले. हजरत अनस यांच्या रिवायतीप्रमाणे पैगंबर एका मुद पाण्यात वजू करत आणि एक सा (चार मुद) ते पाच मुद पाण्यात गुस्ल करत. आजच्या मापाने एक मुद म्हणजे पाऊण लिटरच्याही आत आणि पाच मुद म्हणजे साडेतीन लिटरच्या आसपास. मे महिन्यात विहिरीचा तळ दिसू लागल्यावर आपल्या गावातील बाया ज्या कळशा डोक्यावरून वाहून आणतात, त्यांतील एका कळशीत असे कितीतरी वजू होतील. तुम्ही पाऊण तास नळ चालू ठेवता तेव्हा तुम्ही पैगंबरांहून अधिक पाक होत नाही. विकाराचा कर भरता, एवढेच.

कपड्यांविषयी तुम्ही लिहिले आहे, की पावसाळ्यात रस्त्यावरच्या तांबड्या चिखलाचा एक शिंतोडा उडाला तरी सलवार धुता आणि मग ती चार चार दिवस वाळत नाही. रस्त्यावरच्या चिखलात नापाक काही मिसळले आहे असा केवळ अंदाज असेल, तर तो चिखल पाकच मानला जातो. आणि नापाकी निश्चित असली तरी जे टाळणे माणसाला कठीण जाते तेवढे माफ आहे, असे शाफई फकीहांनी (धर्मनियमांच्या जाणकारांनी) स्पष्ट लिहून ठेवले आहे. कोकणात वर्षातील चार महिने अंगणापासून मशिदीपर्यंत चिखल असतो; ज्या दीनने वजूच्या आयतीतच (सूरह अल-माइदा, आयत ६) ‘अल्लाह तुमच्यावर कोणतीही अडचण लादू इच्छित नाही’ असे म्हटले, त्याने या चार महिन्यांचाही विचार केलेला आहे. कुत्र्याविषयीही तेच. पडवीवरून कुत्रा गेला, तो ओला असेल का, त्याचा पंजा लागला असेल का, ही साखळी मनात सुरू झाली की ती तेथेच सोडायची. डोळ्यांनी पाहिलेले नाही, तर फरशी पाक आहे.

या सर्वांच्या मुळाशी जो नियम आहे तो फिकहच्या पाच मोठ्या नियमांपैकी एक आहे : शंकेमुळे खात्री नाहीशी होत नाही. वजू केल्याचे ठाऊक आहे आणि तुटला की काय अशी शंका आहे, तर वजू कायम आहे. याविषयीची हदीसही प्रसिद्ध आहे, की नमाजेत पोटात काही झाल्यासारखे वाटले तरी आवाज ऐकू आल्याशिवाय किंवा वास आल्याशिवाय नमाज सोडू नये. नमाज संपवणारा सलाम फेरल्यानंतर एखादी रकात (नमाजेचे एक आवर्तन) राहिली की काय असे वाटले, तर त्या शंकेला किंमत नाही. तकबीरच्या (नमाज सुरू करताना ‘अल्लाहु अकबर’ म्हणण्याच्या) वेळी नियत ‘बसली’ नाही म्हणून तुम्ही दहा दहा वेळा हात उचलता. शाफई फिकहमध्ये तकबीर आणि नियत एकत्र असावी लागते हे खरे आहे, परंतु इमामुल हरमैन (अल-जुवैनी) आणि गजाली या शाफई विद्वानांनी सर्वसामान्य अर्थाने एकत्र असणे पुरेसे मानले आणि इमाम नववी यांनीही तेच मत पसंत केले. मी जोहरच्या (दुपारच्या) फर्ज नमाजेला उभी आहे, एवढे भान पुरे. जी स्त्री चुलीवरचे भाताचे आधण उतरवून, डोक्यावर ओढणी घेऊन मुसल्ल्यावर (नमाजेच्या चटईवर) येऊन उभी राहिली, तिची नियत आणखी कशाने सिद्ध व्हायला हवी?

सोळाव्या शतकात मक्केत राहिलेले इब्न हजर अल-हैतमी हे आपल्या शाफई मसलकातील फार मोठे नाव. त्यांना कोणीतरी विचारले, की वसवशावर काही औषध आहे का. त्यांनी सांगितले, की गुणकारी औषध आहे आणि ते म्हणजे त्याच्याकडे पूर्णपणे दुर्लक्ष करणे, मनात चलबिचल कितीही असली तरी. दुर्लक्ष केले की तो टिकत नाही, थोड्या काळाने निघून जातो. आणि जो त्याचे ऐकतो त्याचा वसवसा वाढत वाढत त्याला वेड्यांच्या अवस्थेला नेतो, किंबहुना त्याहूनही वाईट अवस्थेला. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये ज्या उपचारपद्धतीची पहिली यशस्वी उदाहरणे मांडली आणि जी आज या विकारावरची सर्वांत प्रभावी मानसोपचार पद्धती समजली जाते, तिचे तत्त्व हेच आहे. भीती वाटणाऱ्या प्रसंगाला पायरीपायरीने सामोरे जायचे आणि भीती शमवणारी कृती करायची नाही. तिला इंग्रजीत ‘एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन’, संक्षेपाने ईआरपी म्हणतात. इब्न हजर यांच्याही सहाशे वर्षे आधी, आजच्या अफगाणिस्तानातील बल्ख परिसरात जन्मलेल्या अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला आणि राग, दुःख, भय यांच्याबरोबर वसवसा हाही मनाचा एक त्रास म्हणून त्याचे वर्णन आणि उपाय दिले. म्हणून कोणी तुम्हाला सांगितले, की हे सारे पाश्चात्त्यांचे खूळ आहे आणि आपल्यात असले आजार नसतात, तर तुम्ही त्यावर वाद घालू नका, परंतु विश्वासही ठेवू नका.

ईआरपी करताना तुम्हाला दीनच्या विरोधात काही करायला लावतील, अशी भीती तुमच्या पत्रात आहे. चांगला समुपदेशक कुराणाचा अनादर करायला किंवा हराम कृत्य करायला सांगत नाही; त्याची गरजही नसते. इतर सर्व धार्मिक मुली जे सहज करतात, तेच तुम्हाला करायचे असते. उदाहरणार्थ, नळ बंद ठेवून एका लहान तांब्याएवढ्या पाण्यात वजू करायचा, प्रत्येक अवयव एकदाच धुवायचा, आणि ‘कोपर कोरडे राहिले’ असे मन ओरडत असतानाही थेट मुसल्ल्यावर जायचे. तकबीर एकदाच. नमाजेत घाणेरडा विचार आला तर तो येऊ द्यायचा, त्याला हाकलायचे नाही, त्यावर कलमा पढायचा नाही, पुढची आयत पढायची. पहिले काही दिवस अस्वस्थता फार वाढेल, छातीत धडधडेल, आपण फार मोठा गुन्हा करतो आहोत असे वाटेल. ती अस्वस्थता तशीच अंगावर घेऊन नमाज पूर्ण केली, की हळूहळू ती आपोआप उतरते, हे तुमच्या शरीराला अनुभवाने शिकावे लागते. हे एकटीने करणे कठीण असते, म्हणून प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली करावे. सुरुवातीच्या काळासाठी एखाद्या समजूतदार आलिमांना (धर्माच्या जाणकारांना) एकदाच भेटून ‘आजार आहे, म्हणून शंका आली तरी पुन्हा करणार नाही’ याची परवानगी घेऊन ठेवली, तर मनाला आधार मिळेल. ज्याला शंकेचा सतत त्रास आहे त्याने तिच्याकडे लक्ष देऊ नये, असे मालिकी या दुसऱ्या परंपरेच्या फकीहांनीही स्पष्टपणे सांगितले आहे. मात्र त्या आलिमांना पुन्हा फोन करायचा नाही.

औषधांविषयी. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुव्हॉक्सामिन या गटातील औषधे ओसीडीवर उपयोगी पडतात आणि त्यांची सवय लागून व्यसन जडत नाही. नैराश्यापेक्षा ओसीडीसाठी त्यांची मात्रा बहुधा अधिक लागते आणि पुरेसा परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. ही गोष्ट आधीच ठाऊक असावी, नाहीतर पंधरा दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून गोळ्या बंद केल्या जातात. बरे वाटू लागल्यावरही डॉक्टरांना न विचारता त्या अचानक सोडू नयेत. तवक्कुलचा प्रश्न पैगंबरांनीच सोडवून ठेवला आहे : उपचार करा, कारण अल्लाहने असा आजार ठेवलेला नाही ज्यावर इलाज ठेवलेला नाही. तुमच्या आजीला मधुमेह आहे आणि ती रोज गोळी घेते, असे तुम्ही लिहिले आहे. तिच्या तवक्कुलविषयी तुमच्या मनात कधी शंका आली नसेल. रमजानमध्ये यांतील बहुतेक गोळ्या दिवसातून एकदाच घ्यायच्या असल्याने सेहरीला किंवा इफ्तारनंतर घेता येतात, मात्र वेळ बदलण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. त्यांनी रोजा ठेवू नका असे सांगितले, तर आजारी माणसासाठी नंतर रोजे पूर्ण करण्याची सवलत कुराणातच आहे आणि ती वापरण्यात कमीपणा नाही.

आमिलाविषयी माझे मत मी लपवत नाही. आई किंवा वडिलांनी तुमच्या डोक्यावर हात ठेवून कुराणातील आयती पढाव्यात, दुआ करावी. त्याने तुम्हाला प्रेम मिळेल आणि बरकतही. परंतु जो माणूस मोठ्या रकमा मागतो, अमक्या नातेवाइकाने करणी केली असे सांगून घरात संशय पेरतो, किंवा डॉक्टरकडे जाऊ नका म्हणतो, त्याच्या दारात पुन्हा पाऊल ठेवू नका. अंगातील भूत किंवा जिन काढण्याच्या नावाखाली कोणी मारहाण केली, बांधून ठेवले किंवा चटके दिले, तर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार तो गुन्हा आहे. नापाकीमुळे जिन लागला, हे वाक्य तर ओसीडी असलेल्या मुलीसमोर कोणी उच्चारूच नये. त्या एका वाक्याने पुढचे कित्येक महिने न्हाणीत जातात.

आता तुमच्या आईविषयी. त्या दाराशी उभ्या राहतात त्या मायेपोटी, आणि तुम्ही रडत बाहेर येण्यापेक्षा एक वाक्य बोलून टाकणे त्यांना सोपे वाटते. परंतु त्यांचे प्रत्येक ‘झाला’ हे त्या शंकेला दिलेले उत्तर आहे आणि उद्या शंका दोन उत्तरे मागेल. हे पत्रोत्तर त्यांना वाचून दाखवा. दोघींनी मिळून ठरवा, की तुम्ही विचारल्यावर त्या न रागावता एवढेच म्हणतील : ‘बाळा, याचे उत्तर मी देणार नाही असे आपले ठरले आहे. चल, चहा घेऊ.’ हे एकदम जमणार नाही. आधी फजरच्या वजूपुरते ठरवा, मग इशाच्या. मोबाइलवरचे फतवे वाचणे हेही याच जातीचे. प्रत्येक फतवा क्षणभर धीर देतो आणि त्यातील एखादा नवा शब्द नव्या भीतीला जन्म देतो. रात्री मोबाइल आईच्या खोलीत ठेवा. वर दिलेल्या हदीसांचेही असेच होऊ शकते, म्हणून त्या वहीत उतरवून शंका आली की वाचायच्या, असे करू नका. पहिले उत्तर एकदाच देते असे म्हटले होते ते याचसाठी. हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत लिहून तुम्ही पुन्हा पत्र पाठवले, तर मी त्याचे उत्तर देणार नाही. तुमचा राग किंवा कंटाळा आला म्हणून मी तसे करेन, असे मानू नये.

कोठे जायचे, याविषयी. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत आहे. मनोरुग्णालय हे नाव ऐकून तुमची आई दचकेल, परंतु तेथील बाह्यरुग्ण विभागात तपासून, गोळ्या घेऊन त्याच दिवशी घरी परतता येते. दाखल व्हावे लागत नाही. रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची सोय आहे. खेड, चिपळूणला खासगी मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचे असेल तर तसे करा. समुपदेशकाला पहिल्याच भेटीत विचारा, की ओसीडीसाठी ईआरपी पद्धतीने उपचार करता का. जवळपास तसे कोणी मिळाले नाही, तर व्हिडिओवरून भेटी घेणारे समुपदेशक हल्ली मिळतात आणि ही पद्धत त्या माध्यमातूनही चालते. डॉक्टरांसमोर विचारांचा आशय सांगताना लाज वाटेल. ‘अल्लाह आणि पैगंबरांविषयी वाईट विचार येतात, ते मला नको असतात’ एवढे सांगितले तरी पुरते. नेमके शब्द उच्चारण्याची सक्ती कोणी करणार नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार तुमची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क तुम्हाला आहे.

वडिलांना कळवावे असे मला वाटते. उपचाराचा खर्च आणि निकाहचा निर्णय यांत ते असणारच आहेत. ‘मला एक आजार आहे, त्याचे नाव हे आहे, त्यावर उपचार आहेत आणि मी ते सुरू करते आहे’ या क्रमाने सांगितले, तर दूर देशात बसलेल्या माणसाच्या मनात विनाकारण भय उभे राहत नाही.

निकाहसाठी मी घाई करणार नाही. बोलणी थोडी लांबणीवर टाकता आली आणि उपचाराचे पहिले तीन-चार महिने माहेरी मिळाले, तर फार बरे होईल. लग्न लावून दिले की मुलगी आपोआप ठीक होते, असे सांगणारे पुष्कळ भेटतील. नवे घर, नवी न्हाणी, नवी माणसे यांमुळे हा विकार बहुधा वाढतो. मुलाला मात्र सांगावे, आणि ते तुम्ही स्वतः, तुमच्या आईच्या उपस्थितीत सांगावे. साऱ्या सोयऱ्यांना सांगण्याचे कारण नाही. त्याला एवढेच सांगा, की मला ओसीडी आहे, त्यामुळे वजू-नमाजेत वेळ लागतो, गोळ्या चालू आहेत आणि त्या काही काळ चालू राहतील. गोळ्या चालू असताना मूल होण्याचा विचार करायची वेळ आली की डॉक्टरांशी आधी बोलावे लागेल, हेही त्याला ठाऊक असू द्या. तो विचार करायला वेळ मागेल, तर तो द्या. त्याने नकार दिला, तर त्या नकाराचा अर्थ तुमच्या ईमानाशी किंवा नशिबाशी जोडत बसू नका. त्याने होकार दिला, तर पुढच्या तपासणीला त्याला सोबत घेऊन जा आणि वजूविषयी विचारले तर उत्तर द्यायचे नाही, हे डॉक्टरांकडूनच त्याला समजावून द्या.